नाचायची मुभा

2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्याचा निकाल दिला आणि सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध कलम 377 च्या कचाट्यातून बाहेर काढले. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘जोगवा’ लागला आणि 2010 च्या पहिल्याच दिवशी ‘नटरंग’. दोन्ही चित्रपटांचं संगीत अजय-अतुल यांचं. दोन्हींची मातीही एकच. कोल्हापूर सोडून दक्षिणेला निघालं की कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जो पट्टा लागतो, त्याच्या आसपासची. आणि दोन्हींच्या मध्यभागी एक पुरुष आहे, ज्याला बाईपण अंगावर घ्यावं लागतं. ‘जोगवा’तला तायप्पा देवीला सोडलेला, साडी नेसलेला जोगता. ‘नटरंग’मधला कागलचा गुणा पैलवान गडी, जो तमाशाच्या फडासाठी नाच्या होतो. पुढे या चित्रपटांची गाणी लग्नाच्या वरातींत वाजली, गणपतीच्या मांडवांत वाजली. न्यायालयाचा निकाल आणि ही गाणी यांचा संबंध जोडायला मात्र कुणी थांबलं नाही. मला तो संबंध दिसतो आणि तो समजावून सांगण्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

समलिंगी माणसांच्या मुक्तीचा इतिहास सांगताना न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या स्टोनवॉल इन या बारचं नाव हमखास येतं. 28 जून 1969 च्या पहाटे तिथे पोलिसांची धाड पडली, गिऱ्हाइकं निमूट निघून जाण्याऐवजी उलटून उभी राहिली आणि कित्येक रात्री रस्त्यावर दंगल चालली. पण लोक त्या बारमध्ये का जात होते, हा प्रश्न मागे पडतो. बार माफियाच्या मालकीचा होता, दारूचा परवाना नव्हता, आत धड सोयही नव्हती. तरी गर्दी व्हायची, कारण पुरुषाला पुरुषाबरोबर नाचता येईल अशा शहरातल्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. आत ज्यूकबॉक्स होता. नाणं टाकायचं, गाणं लावायचं, नाचायचं. पोलिस आले की मालक पांढरे दिवे लावत. दिवे लागले की जोड्यांनी सुटं व्हायचं. हातात हात घालून नाचणं हा त्या काळी पकडून नेण्याजोगा प्रकार होता. कायद्याची भीती कुठे बसली होती हे त्या दिव्यांवरून कळतं. ती नाचावर बसली होती.

यात अमेरिकेचंच काही विशेष नाही. आपल्याकडे इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा दुसरा भाग, त्या कायद्याच्या भाषेत ‘युनक’ ठरवलेल्या माणसांसाठी होता. पोलिसांच्या वहीत नाव चढलेल्या अशा माणसाने बाईचा पोशाख करून रस्त्यावर दिसणं गुन्हा होता, आणि त्याबरोबरच सार्वजनिक जागी नाचणं, वाद्य वाजवणं, बिदागी घेऊन कुणाच्या घरी कार्यक्रम करणं हाही गुन्हा होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हा भाग आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. पण राज्यकर्त्यांनी नेमकं काय हेरलं होतं ते पाहावं. या माणसांचा समाजातला वावर, त्यांचं पोट आणि त्यांचा मान या तिन्ही गोष्टी गाण्याबजावण्याला बांधलेल्या आहेत हे त्यांना कळलं होतं. म्हणून घाव तिथे घातला.

स्टोनवॉलनंतर काही महिन्यांनी, 14 फेब्रुवारी 1970 ला, डेव्हिड मॅन्कुसो या तरुणाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या घरात पार्टी दिली. पुढे त्या जागेला ‘लॉफ्ट’ म्हणू लागले. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश, आणि दारूची विक्री नाही. दारू विकायची नाही म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही आणि परवान्याच्या निमित्ताने पोलिसांनी यायचं कारण नाही. येणाऱ्यांत काळे होते, लॅटिनो होते, गे होते, बायका होत्या. अशा जागांतून डिस्को वाढला. या संगीताची घडण जागेच्या गरजेतून झाली आहे. ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर, मिनिटाला साधारण 120. तीन मिनिटांचं गाणं संपलं की नाच तुटतो, म्हणून डीजेने दोन तबकड्या शेजारी ठेवून एकीचा ठोका दुसरीत मिसळायला सुरुवात केली. टॉम मोल्टन यांनी गाणी लांबवली, आणि त्यांच्याच हातून बारा इंची सिंगल तबकडी पुढे आली. ठोका रात्रभर तुटत नाही, त्यामुळे जोडीदाराची गरज उरत नाही. कोण कुणाबरोबर नाचतं आहे हे बाहेरच्याला सांगताच येत नाही. सगळे सगळ्यांबरोबर नाचत असतात. जोडीने नाचणं ज्यांना नाकारलं होतं त्यांनी जोडीच काढून टाकली.

1977 पासून न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराजमध्ये लॅरी लेव्हन आणि शिकागोच्या वेअरहाउसमध्ये फ्रँकी नकल्स तबकड्या लावू लागले. ‘हाउस’ संगीताचं नाव त्या वेअरहाउसवरून पडलं. सिल्व्हेस्टर हा गायक लहानपणी लॉस एंजेलिसच्या एका पेंटेकोस्टल चर्चमध्ये गायचा. चर्चमधली ती उंच, भारलेली पट्टी घेऊन तो 1978 मध्ये डिस्कोत आला आणि बायकी कपड्यांत, न लपता, जगभर गाजला. भजन आणि नाच यांच्यातली भिंत अशा लोकांच्या बाबतीत नेहमीच पातळ असते. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

या संगीताविषयीचा संतापही तितकाच होता. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, पेटीभर डिस्को तबकड्या स्फोटकं लावून उडवण्यात आल्या. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. याच सुमारास डिस्को आपल्याकडे पोचत होता. पोचवणारा माणूस कर्नाटकातला: बंगळूरमध्ये जन्मलेला बिड्डू. लंडनला जाऊन त्याने 1974 मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ घडवलं आणि 1980 मध्ये ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनचं गाणं केलं. मग बप्पी लाहिरी, ‘डिस्को डान्सर’, आणि गावोगावच्या बँडवाल्यांपर्यंत तो ठोका गेला. ज्यांच्यासाठी तो ठोका जन्मला होता ती माणसं मात्र समुद्रापलीकडे राहिली. निपाणीच्या टुरिंग टॉकीजमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या पोराला ती कोण होती हे कळण्याची काही सोय नव्हती.

पण त्या पोरांमध्येही काही जण असे असणारच, ज्यांना साडी नेसावीशी वाटत होती, ज्यांचा जीव पुरुषावर जडत होता. त्यांच्यासाठी जागा कुठे होती? बेळगावपासून सुमारे 80 किलोमीटरवर, सौंदत्तीच्या डोंगरावर.

यल्लम्मा म्हणजे रेणुका. जमदग्नीने मुलांना आईचं शिर उडवायला सांगितलं. परशुरामाने ऐकलं, बाकीच्यांनी नकार दिला, आणि बापाच्या शापाने त्यांचं पुरुषत्व गेलं. जोगप्पांची परंपरा त्या नकार देणाऱ्या मुलांपाशी सांगितली जाते. ही कथा मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात बाईपण अंगावर येणं हे आईवर हात न उचलल्याचं फळ आहे. मराठीत जोगता, कन्नडमध्ये जोगप्पा. घरातला मुलगा बायकांत रमू लागला, सतत आजारी पडू लागला, अंगावर खरूज-चट्टे उठले की देवीने धरलं असं ठरतं. मग गुरूकडून गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं जातं. त्यानंतर साडी, कपाळाला भंडारा, हातात परडी आणि डोक्यावर देवीचा जग. जोगप्पांमध्ये लिंगविच्छेद करण्याची रीत परंपरेने नाही. हिजडा समाजापासून ते स्वतःला वेगळं मानतात. निकोलस ब्रॅडफर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने 1983 मध्ये यल्लम्माच्या पंथावर लिहिलेल्या निबंधात हे बारकाईने नोंदवलं आहे. जोगप्पांतले काही स्वतःला बाई मानतात, काहींचा संसार आहे, बायकामुलं आहेत. आजच्या शहरी व्याख्यांत त्यांना कोंबायला मी तयार नाही.

मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला कोल्हापूर, सांगली, निपाणीकडून एसटीच्या गाड्या भरभरून सौंदत्तीला जातात. त्या रात्री देवी विधवा होते, बांगड्या फोडल्या जातात. माघातल्या पुनवेला तिचं अहेवपण परत येतं. डोंगरावर जोगत्यांचे मेळे बसतात. मेळ्यात बाईमाणसं असतात, साडीतले जोगते असतात, तुणतुणं असतं, झांज असते, आणि चौंडकं असतं.

चौंडकं नीट पाहावं असं वाद्य आहे. लाकडाचं नळकांडं, एक तोंड कातड्याने मढवलेलं. कातड्याच्या मध्यातून तार निघते आणि तिचं दुसरं टोक एका छोट्या मुठीला बांधलेलं असतं. नळकांडं काखेत दाबायचं, एका हाताने मूठ ओढून तार ताणायची, दुसऱ्या हाताने छेडायची. ताण वाढला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. सूर एका जागी बसत नाही, तो वाकतो, घसरतो, बोलल्यासारखा होतो. बंगालच्या बाऊलांचा खमक याच घराण्यातला. एकाच वाद्यातून ताल आणि सूर दोन्ही निघतात, म्हणून एकट्याने दारोदार फिरून गाणाऱ्याला ते पुरतं. मेळ्यात एक जण पद उचलतो, बाकीचे झील धरतात, आणि पद कधी मराठीतून कन्नडमध्ये गेलं हे गाणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. जागर रात्रभर चालतो. मध्येच कुणाच्या अंगात येतं. तिथे साडी नेसलेल्या पुरुषाला हसून हाकलत नाहीत, त्याच्या पाया पडतात. पुनवेच्या त्या रात्री त्याला नाचायची मुभा आहे. ती मुभा गाण्याने दिलेली आहे, कारण जोगता गातो म्हणून तो देवीचा आहे आणि देवीचा आहे म्हणून त्याला हात लावता येत नाही.

क्लबाशी असलेलं साम्य इथवर आहे. यापुढे वाटा फुटतात, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तिथे आहे. क्लबाने इच्छेला जागा दिली. मी कुणावर प्रेम करतो, माझ्या शरीराला काय हवं आहे, हे त्या अंधारात उघड होतं. सकाळी पँट-शर्ट चढवून माणूस कामावर जाऊ शकत होता. डोंगराने वेशाला जागा दिली आणि इच्छेवर पडदा टाकला. देवीला वाहिलेल्याने शरीरसंबंधांपासून लांब राहावं अशी अपेक्षा असते. बंगळूरच्या ‘अनेका’ या संस्थेने 2014 मध्ये जोगप्पांवर केलेल्या अभ्यासातही हा ताण दिसतो: नाती असतात, पण ती बोलायची नसतात. आणि इथून सकाळी घरी परतता येत नाही. दर्शन एकदा बांधलं की जन्मभराचं. जोगवा मागून जगायचं, घरात वाटणी बहुधा नाही, म्हातारपणी आधार गुरूचा किंवा चेल्याचा. मुलींच्या बाबतीत तर देवीला सोडणं म्हणजे थेट शोषण होतं. त्यांतल्या बहुतेक दलित घरांतल्या होत्या. कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. त्यासाठी गडहिंग्लज-निपाणी भागातल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली आहे. जोगत्याच्या मुभेचं कौतुक करताना हे विसरणारा लेख खोटा ठरेल.

राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे शोषण आतून लिहिलं. चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेत ते आहेच. ‘जोगवा’ या तिन्हींवर उभा आहे. राजीव पाटील यांच्या दिग्दर्शनाला, उपेंद्र लिमये यांच्या अभिनयाला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांच्या आवाजाला, अजय-अतुल यांच्या संगीताला मिळालेली दाद न्याय्यच होती. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षी ‘जोगवा’ चहूकडे होता. तायप्पाला साडी नको आहे. ती त्याच्यावर लादलेली आहे, नायिका सुली हिच्यावरच्या प्रेमाने त्याला ती उतरवायचं बळ येतं. अशी लादलेली मुलं खरोखर होती, त्यांची गोष्ट सांगायलाच हवी होती. पण ज्याला साडी हवी होती, ज्याला त्या मेळ्यात पहिल्यांदा श्वास घेता आला, तो जोगता पडद्यावर आला नाही. ‘जोगवा’तलं, म्हणजे मराठीतलं या विषयावरचं सर्वांत लोकप्रिय गाणं हे बाईमाणूस आणि बाप्यामाणूस यांच्या प्रेमाचं गाणं आहे. सुटका म्हणजे पुरुषपणात परत जाणं, असं त्याने लोकांच्या मनात ठसवलं. ‘नटरंग’मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा कलेसाठी नाच्या होतो, अपमान आणि अत्याचार सोसतो, पण तिथेही त्याचं पुरुषपण शाबूत आहे याची प्रेक्षकाला पुन्हापुन्हा खात्री दिली जाते. डिस्कोचं जे झालं तेच चौंडक्याचं झालं. ठोका घराघरांत गेला, ठोक्यामागचा माणूस दाराबाहेर थांबला.

मराठी प्रेक्षकाला लुगड्यातला पुरुष नवा नव्हता, म्हणून हे जास्त लागतं. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व नायिका झाले आणि घरंदाज बायकांनी त्यांच्याकडे पाहून पदर कसा घ्यावा हे ठरवलं. रंगमंचावर चालत होतं, कारण पडदा पडला की ते लुगडं उतरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुंबईत दुसरी वाट निघाली होती. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. कुलाब्याच्या व्हूडू पबात शनिवारच्या रात्री गे तरुण जमत, आणि 1998 पासून ‘गे बॉम्बे’ गटाच्या पार्ट्या होऊ लागल्या. तिथे पाश्चात्त्य डान्स संगीताइतकंच हिंदी सिनेमाचं संगीत चाले. श्रीदेवी-माधुरीच्या नाचाच्या पायऱ्या ज्यांनी चोरून आरशापुढे गिरवल्या होत्या त्यांना त्या चारचौघांत करता आल्या. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढून मराठीतून हे बोलायला सुरुवात केली. 2018 मध्ये सुशांत दिवगीकर ऊर्फ राणी कोहिनूर ‘सा रे ग म प’च्या मंचावर ड्रॅगच्या पेहरावात पुरुषी आणि बायकी अशा दोन्ही आवाजांत गायले. ते बेळगावच्या दिवाणखान्यांतही दिसलं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीचा निकाल उलटवणारा 2013 चा आपलाच निर्णय फिरवून कलम 377 चा प्रश्न निकाली काढला.

एड्सच्या साथीचं सांगितल्याशिवाय या दोन वाटा जुळत नाहीत. एप्रिल 1982 मध्ये पॅराडाइज गराजमध्ये गे मेन्स हेल्थ क्रायसिस या संस्थेसाठी निधी जमवण्याची पहिली मोठी पार्टी झाली. सिल्व्हेस्टर 1988 मध्ये एड्सने गेला तेव्हा आपल्या गाण्यांचं पुढचं मानधन एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे करून गेला. नाचायला जमलेली माणसं एकमेकांची शुश्रूषा करायलाही जमली होती. आपल्या पट्ट्यात हे काम सांगलीच्या ‘संग्राम’ने 1992 मध्ये हाती घेतलं. त्यातून ‘वॅम्प’ ही वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना झाली. त्यांतल्या कित्येक देवदासी होत्या. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी ‘मुस्कान’ झाली. ‘वॅम्प’चं काम निपाणीपर्यंत होतं आणि 2002 मध्ये निपाणीतल्या कार्यकर्त्यांना जो जाच सोसावा लागला त्याची नोंद ह्युमन राइट्स वॉचच्या अहवालात आहे. कंडोम वाटणाऱ्या बायकांना गावाने शत्रू ठरवलं होतं. तरी त्या मागे हटल्या नाहीत.

आता मंजम्मा जोगती. बळ्ळारी जिल्ह्यातल्या एका शेट्टी घरात मुलगा म्हणून जन्म. पंधराव्या वर्षाच्या सुमाराला घरच्यांनी होस्पेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात नेऊन दीक्षा दिली. घर सुटलं. भीक मागितली, लुबाडल्या गेल्या, जीव देण्याचा प्रयत्न केला. दावणगेरेच्या बसस्टँडवर एक बापलेक जोगती नृत्य करताना दिसले, बाप गात होता, मुलगा डोक्यावर कोड, म्हणजे घागर, तोलून नाचत होता. मंजम्मांनी ते शिकून घेतलं. पुढे काळव्वा जोगती यांच्या मेळ्यात त्या घडल्या आणि देवळाच्या पायरीवरचा नाच त्यांनी रंगमंचावर नेला. 2019 मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. 9 नोव्हेंबर 2021 ला पद्मश्री घेताना त्यांनी राष्ट्रपतींसमोर पदर पसरून दृष्ट काढली, ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यांनी साडी उतरवली नाही आणि देवीलाही सोडलं नाही. जोगवा मागणारी व्यक्ती अकादमीच्या खुर्चीत बसून इतर लोककलावंतांचे पुरस्कार ठरवू लागली, हा बदल मला कुठल्याही निकालाइतका मोठा वाटतो. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनीही गेल्या दशकात जोगप्पांबरोबर एका मंचावर बसून गायन केलं. त्या मैफलींत जोगप्पांची पदं जोगप्पांच्याच तोंडून ऐकू आली.

2019 च्या केंद्रीय कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी यांच्याबरोबर ‘जोगता’ हा शब्द छापलेला आहे. 2021 मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आडवं आरक्षण दिलं, असं करणारं ते पहिलं राज्य. आता निपाणीच्या एखाद्या तरुण जोगत्याला ओळखीचा दाखला हवा असेल तर अर्ज बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. अर्जासाठी गळ्यात दर्शन लागत नाही, गुरूची परवानगी लागत नाही, चौंडकं वाजवता यावं लागत नाही. म्हणजे ज्याला गायचं नाही त्यालाही साडी नेसून जगता येईल, आणि ज्याला गायचं आहे त्याने पोटासाठी गावं अशी सक्ती उरणार नाही. अशा वेळी ही पदं पुढे कोण गाईल, ही काळजी मेळ्यांतली म्हातारी मंडळी बोलून दाखवतील तर ती रास्त आहे. त्यांची पदं गाणाऱ्याच्या नावानिशी ध्वनिमुद्रित व्हावीत, मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि त्यांचं मानधन त्यांच्या हाती पडावं, एवढं काम दोन्ही राज्यांच्या सांस्कृतिक खात्यांना करता येण्याजोगं आहे.